कंटेनरमध्ये किती खोकी बसतील? परदेशी सामान पाठवण्याआधीचा हिशेब

२० फुटी कंटेनरच्या आत साधारण ३३ घनमीटर जागा असते. घर हलवताना सगळीकडे वापरलं जाणारं २४ बाय १८ बाय १८ इंची खोकं ०.१२७ घनमीटर जागा घेतं. भागाकार केला की उत्तर येतं २६०. तीच खोकी प्रत्यक्ष सरळ रचायला घेतली तर २२५ बसतात. आणि कोंबून भरल्यामुळे ती लांबी, रुंदी, उंचीत इंच-इंचभर फुगली असतील, तर त्याच रचनेत फक्त १४४. कंटेनर तोच, खोकी त्याच मापाची विकत घेतलेली, तरी ८१ खोकी बाहेर राहिली. भाडं मात्र पूर्ण कंटेनरचंच द्यायचं असतं.

वसईतल्या नंदाखाल, आगाशी, निर्मळ या पट्ट्यातून आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेलेली माणसं आज अनेक आळ्यांत सापडतील. जाणारा एकटा असेल तर दोन बॅगांवर भागतं. नवरा-बायको, मुलं असं अख्खं घर निघालं की भांडी, पुस्तकं, शिलाई मशीन, आजीची सागवानी पेटी, आल्तारावरच्या मूर्ती यांतलं काय न्यायचं हा प्रश्न उभा राहतो आणि पॅकर्स-मूव्हर्सवाल्याला फोन जातो. तो विचारतो, "सामान किती सीबीएम आहे?" घरात कोणालाच सांगता येत नाही. मग तोच घर बघायला येतो, तोच आकडा सांगतो आणि त्याच आकड्यावर बिल होतं. हा आकडा तो येण्याआधी तुमच्या वहीत असायला हवा. त्यासाठी मोजपट्टी, वही आणि घरातल्या दोघांची एक संध्याकाळ पुरते.

सीबीएम म्हणजे घनमीटर. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १० लाखांनी भागायचं. इंचात मोजलं असेल तर ६१,०२४ ने भागायचं. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. काही मूव्हर घनफुटावर भाव सांगतात, काही घनमीटरवर. दोन कोटेशनं शेजारी ठेवण्याआधी एकक सारखं करून घ्या, नाहीतर महाग असलेला भाव कागदावर स्वस्त दिसतो.

आतली मापं

२० फूट, ४० फूट ही कंटेनरची बाहेरची लांबी. २० फुटीच्या आत लांबी ५.८९ मीटर, रुंदी २.३५ आणि उंची २.३९ मीटर मिळते. ४० फुटीत लांबी १२.०३ मीटर, रुंदी-उंची तीच, जागा ६७ घनमीटरच्या आसपास. हाय-क्यूब नावाचा ४० फुटी प्रकार फूटभर उंच असतो. त्याची आतली उंची सुमारे २.६९ मीटर आणि जागा ७६ घनमीटर. बांधणाऱ्या कंपनीनुसार एखाद-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. दाराची चौकट आतल्या पोकळीपेक्षा लहान असते, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साध्या कंटेनरचं दार २.३४ मीटर रुंद आणि २.२८ मीटर उंच. म्हणजे २.२८ मीटरपेक्षा थोडं उंच कपाट आत उभं राहील, पण उभं आत जाणार नाही. ते आडवं करून आत न्यावं लागेल आणि मग आत उभं करायला वाव उरला आहे का, हे आधीच पाहावं लागेल.

ही मापं जगभर सारखी आहेत म्हणूनच हिशेब नंदाखालच्या ओटीवर बसून करता येतो. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूकदाराने 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ कंटेनर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवले. पुढची काही वर्षं ज्याची त्याची मापं वेगळी होती. १९६० च्या दशकाच्या शेवटी आंतरराष्ट्रीय मानक ठरलं आणि न्हावा शेवाच्या क्रेनला जो कंटेनर उचलता येतो तोच टोरांटोजवळच्या यार्डातही उतरवता येऊ लागला. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. वसईकरांचं सामान आज तिथूनच सुटतं. पालघर जिल्ह्यातल्या वाढवणला नव्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली असली, मच्छीमारांचा त्याला विरोधही असला, तरी यंदा सामान पाठवणाऱ्याच्या हिशेबात ते येत नाही.

थराथराने मोजा

भागाकाराचं उत्तर चुकतं, कारण अर्धं खोकं ठेवता येत नाही. म्हणून एकेका दिशेने मोजायचं आणि प्रत्येक वेळी दशांश सोडून द्यायचा. आपलं २४ बाय १८ बाय १८ इंची खोकं म्हणजे ६१ बाय ४५.७ बाय ४५.७ सेंटिमीटर. कंटेनरच्या ५८९ सेंटिमीटर लांबीत ते ९ वेळा बसतं, ४० सेंटिमीटर उरतात. २३५ च्या रुंदीत ५ वेळा, ६ उरतात. २३९ च्या उंचीत ५ थर, १० उरतात. ९ गुणिले ५ गुणिले ५, झाली २२५. उरलेले ४०, ६ आणि १० सेंटिमीटर ही रिकामी जागा, आणि तिचेही पैसे तुम्ही भरलेले असतात.

एकदा मोजून थांबू नका. खोकं फिरवून पुन्हा मोजा, कारण मांडणी बदलली की आकडा बदलू शकतो. या खोक्याच्या बाबतीत शेवटच्या ओळीऐवजी दोन ओळी आडव्या फिरवल्या तर थरात ४६ येतात, पाच थरांत २३०. पण खोकं ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचं असेल तर लांबीच्या शेवटी ४९ सेंटिमीटरची पट्टी उरते, तिच्यात आडवी फिरवून आणखी ३ खोकी बसतात. थरात ४८, पाच थरांत २४०. खोकं जेमतेम सेंटिमीटरभर लहान, आणि १० खोकी जास्त.

घर हलवणाऱ्याने यासाठी खास मापाची खोकी बनवून घ्यायची गरज नाही. वसई पूर्वेला खोकी बनवणारे कारखाने आहेत, पण ते ठरावीक संख्येपेक्षा कमीची ऑर्डर सहसा घेत नाहीत. हा मुद्दा खरा लागू पडतो तो सुकेळी (सुकवलेली केळी), मसाले, कपडे असं काही नियमितपणे बाहेर पाठवू पाहणाऱ्या लहान व्यावसायिकाला. त्याने खोक्याचं माप माल बघून ठरवायच्या आधी कंटेनर बघून ठरवावं. हाय-क्यूबचं उदाहरण घ्या. १८ इंच उंचीच्या खोक्यांचे सहा थर २७४ सेंटिमीटर होतात आणि आतली उंची २६९. सहावा थर बसत नाही. म्हणजे साध्या ४० फुटीत जेवढी खोकी (एका सरळ मांडणीत १९ गुणिले ५ गुणिले ५, म्हणजे ४७५) तेवढीच हाय-क्यूबमध्ये, आणि वरचे ४० सेंटिमीटर रिकामे. खोक्याची उंची एक इंचाने कमी करून १७ केली की सहा थर २५९ सेंटिमीटरमध्ये मावतात आणि संख्या ५७० वर जाते. प्रत्येक खोक्यात माल थोडा कमी राहिला तरी एकूण माल १३ टक्क्यांनी वाढतो. फक्त दाराची उंची २.५८ मीटर आहे. त्यामुळे दाराजवळच्या शेवटच्या ओळीत वरचा थर सोडावा लागू शकतो, तेवढी सूट आकड्यात धरा.

फुगलेलं खोकं

आता १४४ चं गणित. इंचभर फुगलेलं खोकं ६३.५ बाय ४८.३ बाय ४८.३ सेंटिमीटरचं होतं. लांबीत अजूनही ९ बसतात. पण रुंदीत पाचवं मावत नाही, कारण पाच खोक्यांना २४१ सेंटिमीटर लागतात आणि आहेत २३५. उंचीतही पाचवा थर गेला. ९ गुणिले ४ गुणिले ४. डोकं लावून अर्ध्या ओळी आडव्या आणि अर्ध्या उभ्या मांडल्या तर थरात ४२, म्हणजे १६८ पर्यंत जाता येतं. त्यापुढे फारसं काही हाती लागत नाही.

खोकं फुगतं ते गोधड्या, उशा, लोकरीचे कपडे दाबून भरल्याने. शिवाय पावसाळ्यात. वसईच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत पुठ्ठा ओल ओढतो, मऊ पडतो, त्याच्या कडा बाहेर येतात. पाच थरांच्या रचनेत सगळ्यात खालच्या खोक्यावर चार खोक्यांचं ओझं असतं. प्रत्येकी २० किलो धरले तर ८० किलो. मऊ पडलेला पुठ्ठा ते पेलत नाही, एक कोपरा बसला की पूर्ण चळत कलते. म्हणून पाच पदरी नवीन खोकी घ्या. वाणसामानाच्या दुकानातून आणलेली जुनी खोकी समुद्रापार पाठवण्याच्या लायकीची नसतात, तिथे वाचवलेले पैसे पुढे दामदुपटीने जातात. कपडे उन्हात चांगले वाळवून भरा, खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाका, तळाला आणि वरच्या जोडावर टेप दोन्ही दिशांनी मारा. मोजमाप घ्यायचं ते टेप मारून झाल्यावर, खोक्याच्या सगळ्यात फुगलेल्या जागी. गोदामात तेच माप धरलं जातं.

गाद्यांसाठी एक युक्ती सांगतो. ६ फूट बाय सव्वासहा फुटाची, ६ इंच जाडीची गादी एकटी अर्धा घनमीटर खाते. ती कंटेनरच्या लांब भिंतीला टेकवून उभी केली तर रुंदी २३५ वरून २२० वर येते आणि गादी जेवढी लांब तेवढ्या भागात खोक्यांची एक पूर्ण ओळ जाते. तीच गादी दाराजवळ उरलेल्या ४० सेंटिमीटरच्या पट्टीत आडवी उभी करा. तिथे दोन गाद्या सहज मावतात, एकही खोकं कमी होत नाही, आणि दार उघडताना वरची खोकी अंगावर कोसळण्याचा धोकाही कमी होतो.

कंटेनर भरत नसेल तर

बहुतेक कुटुंबांचं सामान पूर्ण कंटेनर भरेल एवढं नसतं. अशा वेळी तुमची खोकी इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये जातात. धंद्यात याला एलसीएल म्हणतात, पूर्ण कंटेनरला एफसीएल. एलसीएलचा भाव घनमीटरवर, आणि वजन जास्त असेल तर टनावर: १ घनमीटर किंवा १ टन, जे जास्त भरेल ते. घरसामानाचा भाव सहसा जागेवरच लागतो. वर धरलेली २२५ खोकी प्रत्येकी २० किलोंची असली तरी साडेचार टन होतात, आणि २० फुटी कंटेनर २८ टनांच्या आसपास माल घेऊ शकतो.

समजा तुमची ४० खोकी आहेत. छापील मापाने ती ५.१ घनमीटर होतात. इंचभर फुगलेली असतील तर ५.९. गणिताच्या सोयीसाठी, केवळ उदाहरण म्हणून, घनमीटरला १२,००० रुपये भाव धरला तर हा फरक जवळपास दहा हजारांचा झाला. तेवढ्यात सगळी नवी खोकी येतील.

पुस्तकांचं गणित उलटं. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं तर ७० किलोंच्या पुढे जातं. ते कोणी उचलू शकत नाही आणि त्याचा तळ फाटतो. पुस्तकं, 'सुवार्ता' मासिकाचे जुने अंक, मुलांच्या वह्या, स्टीलची भांडी यांच्यासाठी १६ बाय १२ बाय १२ इंची लहान खोकी घ्या. ती वीस-बावीस किलोंत भरतात आणि एका माणसाला उचलता येतात.

लाकडी सामानाचं मात्र आधी मन घट्ट करून मोजमाप करा. ६ फूट बाय ४ फूट बाय २ फुटांचं कपाट नुसतं १.३६ घनमीटर आहे. सगळ्या बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटरचं गुंडाळण चढलं की १.८१. आधीच्या उदाहरणातल्या भावाने हे एक कपाट न्यायला २१,७०० रुपये. सुटं करता येत असेल तर फळ्या बांधून न्या. येत नसेल आणि ते पणजोबांनी करून घेतलेलं असेल तर तो निर्णय पैशांचा नाही, तो घरच्यांनीच घ्यायचा. प्लायवूडच्या कपाटाचा मात्र विचारसुद्धा करू नका.

खोकी चार-पाचच असतील तर जहाजाचा नाद सोडा. एलसीएलमध्ये किमान १ घनमीटरचं बिल लागतं, आणि कागदपत्रांचा खर्च दोन खोक्यांना जेवढा तेवढाच वीस खोक्यांना. विमानाने जादा बॅग नेणं अशा वेळी सोपं पडतं. विमानाच्या मालवाहतुकीत पोकळ सामानावर वेगळा नियम लागतो. घनसेंटिमीटरला ६,००० ने भागून येतील ते किलो, किंवा खरं वजन, यांतलं जे जास्त त्यावर भाडं. आपल्या मोठ्या खोक्याचं वजन या हिशेबाने २१ किलो येतं, आत सहा किलोंच्या उशा असल्या तरी. कुरिअर कंपन्या अनेकदा ५,००० ने भागतात, मग तेच खोकं साडेपंचवीस किलोंचं.

कोटेशन कसं वाचायचं

जहाजाचे भाव महिन्यागणिक बदलतात. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा ते फार वाढले. त्यामुळे शेजारच्याने गेल्या वर्षी किती दिले यावर भरवसा ठेवू नका. तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन घ्या आणि प्रत्येकाला एकच यादी, एकच घनमीटर द्या. यादी वेगळी असेल तर तुलनाच होत नाही.

सगळ्यात मोठी फसगत होते ती पोचल्यावर. एलसीएलच्या धंद्यात इकडचं समुद्रभाडं मुद्दाम खूप कमी ठेवून तिकडच्या गोदामात हाताळणी आणि कागदपत्रांच्या नावाखाली वसुली करण्याची पद्धत आहे. आकडे पुन्हा उदाहरणापुरतेच. एकजण ६ घनमीटरला ४,००० च्या भावाने २४,००० सांगतो. दुसरा घरपोच १२,००० च्या भावाने ७२,०००. पहिल्याकडे सामान पोचल्यावर घनमीटरमागे ७,००० हाताळणी आणि वर १५,००० ठोक लागले तर बेरीज ८१,००० होते, आणि तिकडच्या गोदामातून घरी आणायचा खर्च अजून वेगळाच. म्हणून लेखी विचारा: हा भाव कुठपर्यंत आहे, घरापर्यंत की बंदरापर्यंत? तिकडे कोणाला, कशाकशाचे, किती पैसे द्यावे लागतील? उत्तर "ते तिकडचा एजंट सांगेल" असं आलं तर त्या माणसाकडे सामान देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सामान तिकडच्या गोदामात अडकलं की घासाघीस करायला तुमच्या हातात काहीच राहत नाही.

कोटेशनमध्ये दिसणारी नावंही ओळखून घ्या. टीएचसी म्हणजे बंदरात कंटेनर हाताळण्याचा आकार. सीएफएस म्हणजे जिथे एलसीएलची खोकी जमा होऊन कंटेनरमध्ये भरली जातात ते गोदाम, त्याचा खर्च वेगळा. बीएल म्हणजे जहाजाच्या मालाची पावती, तिची फी. कस्टमचं काम करणाऱ्या सीएचएची फी. डेमरेज म्हणजे सामान बंदरात ठरल्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहिल्याचं भाडं, डिटेन्शन म्हणजे कंपनीचा कंटेनर उशिरा परत केल्याचं. या शेवटच्या दोन्हींचा मीटर दिवसावर चालतो. तुम्ही विमानाने कधी पोचणार आणि सामान कधी पोचणार याचा मेळ बसवला नाही तर हेच दोन आकडे भाड्याच्या वर जाऊ शकतात.

सामान १३ ते १५ घनमीटरच्या पुढे गेलं की पूर्ण कंटेनरचा भाव विचारायलाच हवा, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. नेमका आकडा काढायचा तर पूर्ण कंटेनरच्या सर्व खर्चाला एलसीएलच्या घनमीटरमागच्या सर्व खर्चाने भागा. २,४०,००० भागिले १२,००० असेल तर उत्तर २०. त्याच्या वर पूर्ण कंटेनर स्वस्त. हिशेबात २० फुटी कंटेनर ३३ चा धरू नका. घरसामान वाकड्यातिकड्या आकाराचं असतं, २५ ते २७ घनमीटर भरलं तरी भरणाऱ्यांनी चांगलं काम केलं असं समजा. पूर्ण कंटेनरला भरल्यानंतरचं एकूण वजन लेखी जाहीर करावं लागतं. १ जुलै २०१६ पासून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि ते वजन, ज्याला व्हीजीएम म्हणतात, जाहीर झाल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. वजनकाट्याचा खर्च कोटेशनमध्ये धरला आहे का, ते बघा.

आळीतून हमरस्त्यापर्यंत

नंदाखालच्या आतल्या आळ्यांत कंटेनरचा ट्रेलर येत नाही. एका बाजूला वाडीचं कुंपण, दुसऱ्या बाजूला बावखलाचं तळं, मधून जेमतेम एक टेम्पो. त्यामुळे कंटेनर घरी मागवायचा असं कोणी कोटेशनमध्ये लिहिलं असेल तर त्याला आधी रस्ता दाखवा. रिकामा ट्रेलर येऊन परत गेला तरी फेरीचे पैसे लागतात. व्यवहार्य मार्ग दोन. सामान छोट्या टेम्पोने गोदामात नेऊन तिथल्या धक्क्यावरून कंटेनरमध्ये भरायचं, किंवा रुंद रस्त्यावरच्या एखाद्या मोकळ्या जागेत कंटेनर उभा करून तिथे भरायचं. दुसऱ्यात कंटेनरची जमीन छातीएवढ्या उंचीवर असते, धक्का नसतो, आणि प्रत्येक खोकं खांद्यावरून वर द्यावं लागतं. मजुरांचे तास वाढतात, ट्रेलर थांबवल्याचे पैसे वाढतात. माझा कौल गोदामालाच.

टेम्पोच्या फेऱ्याही घनमीटरवर आणि वजनावर मोजा. छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपास वजन घेतो. पुस्तकं आणि भांडी आधी भरली तर गाडी अर्धी रिकामी असतानाच वजन संपतं. जड आणि हलकं मिसळून भरलं की फेरी वाचते. न्हावा शेवाकडे जाताना विरार-वसईहून महामार्गाला लागून पुढे घोडबंदर रस्त्याने किंवा चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्याने जावं लागतं. दोन्हीकडे अवजड गाड्यांची कोंडी नेहमीची आहे, म्हणून गोदामात माल देण्याची शेवटची तारीख असेल त्याच्या दोन दिवस आधी टेम्पो काढा.

दुसऱ्याचं खोकं

आपल्या गावात हे होतंच. सामान जाणार असल्याची बातमी पॅरिशभर पसरते आणि कोणाची तरी मावशी दारात येते: "माझ्या लेकीकडे एवढं एक खोकं पोचवशील का, बाळा?" नाही म्हणणं जड जातं. तरीही नाही म्हणा. सामानाची यादी तुमच्या सहीने, तुमच्या पासपोर्टवर, तुमचं वापरातलं घरसामान म्हणून जाते. त्यात दुसऱ्याचा माल निघाला तर जबाब तुम्हालाच द्यावा लागतो, कस्टमची सवलत जाऊ शकते आणि सगळी खोकी तपासणीसाठी उघडली जाऊ शकतात, त्या तपासणीचाही खर्च तुमच्याच माथी. एकाच शहरात जाणाऱ्या दोन कुटुंबांनी मिळून एक कंटेनर घेण्याची कल्पनाही अशीच अंगाशी येते. स्वस्तात हवं असेल तर दोघांनी एकाच मूव्हरकडे एलसीएलने सामान द्यावं, दोन वेगळ्या पावत्या, दोन वेगळ्या याद्या करून.

यादीच्या बाबतीत देश वेगवेगळे. कॅनडात पहिल्यांदा उतरताना विमानतळावरच, मागून येणाऱ्या सामानाची यादी दाखवून बीएसएफ १८६ या फॉर्मवर नोंद करून घ्यावी लागते. तेव्हा यादी जवळ नसेल तर पुढे सामान सोडवताना त्रास होतो. ऑस्ट्रेलियासाठी बी ५३४ हा फॉर्म भरावा लागतो आणि त्यांचे जैवसुरक्षेचे नियम अतिशय कडक आहेत. बिया, वाळकी पानंफुलं, माती लागलेली बागकामाची हत्यारं, न धुतलेले बूट, कीड लागलेलं लाकूड यांमुळे पूर्ण सामान अडू शकतं. झावळीच्या टोपल्या, पात्यांचे झाडू, सुकेळ्यांच्या वेष्टनाची केळीची पानं असलं काही जहाजाच्या खोक्यात घालू नका. लाकडी क्रेट वापरत असाल तर त्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का हवा. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलं आहे किंवा धुरी दिली आहे याची ती खूण असते. शिक्का नसलेलं क्रेट तिकडे तुमच्या खर्चाने नष्ट करायला लावू शकतात किंवा परत पाठवू शकतात.

विमा घ्या, पण पॉलिसी वाचून. मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातल्या फुटतुटीची भरपाई अनेक पॉलिसी देत नाहीत, फक्त अख्खं खोकं हरवलं तरच देतात. म्हणून काचेचं आणि चिनीमातीचं सामान मूव्हरच्या माणसांकडून भरून घेणं परवडतं, बाकी कपडे-पुस्तकं घरी भरा. प्रत्येक खोक्याला क्रमांक घाला, तीन बाजूंनी लिहा, वहीत त्या क्रमांकापुढे आतलं सामान, वजन आणि माप लिहा, आणि बंद करण्याआधी आतला फोटो काढून ठेवा.

पूर्ण कंटेनर असेल तर दार बंद झाल्यावर सीलचा क्रमांक आणि कंटेनरचा क्रमांक, चार अक्षरं आणि सात अंक, दोन्ही फोटोत दिसतील असे टिपा. तिकडे सीलचा क्रमांक जुळला नाही तर दार उघडायच्या आधी विमा कंपनीला आणि मूव्हरला लेखी कळवा. एलसीएलने पाठवलं असेल तर खोकी घरी उतरवून घेताना वहीतल्या क्रमांकांशी ताडून घ्या. चेपलेलं किंवा भिजलेलं खोकं दिसलं तर पोचपावतीवर तिथल्या तिथे तसं लिहा आणि मगच सही करा.